कांडेसराखालची खुर्ची

"बसायला आलोय का मी?"

हे वाक्य माझ्या दुकानात त्यांच्या आधी शिरायचं. मी अजून "बसा" म्हणालेलोही नसायचो. एक पाय उंबऱ्यावर, दुसरा रस्त्यावर, हातात किल्ल्यांचा जुडगा, आणि खांद्यावरचा रुमाल सारखा या खांद्यावरून त्या खांद्यावर. चहा आला की उभ्यानेच प्यायचे आणि कप माझ्या हातात देऊन पुढे निघून जायचे. काय सांगायला आले होते ते बहुतेक वेळा राहूनच जायचं, मग ते सांगायला पुन्हा यायचे.

पनवेलच्या बाजारात माझं चष्म्याचं दुकान आहे आणि शेजारी त्यांचं काचसामानाचं होतं. बरण्या, कपबशा, सरबताचे ग्लास, लग्नात द्यायचे डिनर सेट. अंगात एवढी चुळबुळ असलेल्या माणसाने काचेचा धंदा का करावा हे कोडं मला कधी सुटलं नाही. दिवसातून एकदा तरी पलीकडून खळ्ळकन आवाज यायचा आणि पाठोपाठ त्यांचा शांत स्वर, "काय नाय, काय नाय, जुनाच होता." बाजार त्यांना चाचा म्हणायचा. मीही तेच म्हणतो. असा एखादा माणूस तुमच्याही गल्लीत असेल, ज्याला बघूनच आपल्याला दमायला होतं.

मी स्वतः बसणारा माणूस आहे. चष्म्याच्या धंद्यात बसावंच लागतं आणि मला ते आवडतंही. एकदा मी त्यांना विचारलं होतं की खुर्चीने तुमचं काय वाकडं केलंय. तेव्हा ते म्हणाले, "मस्कतला ड्रायव्हर होतो, चष्मेवाले. सेठ मीटिंगमध्ये, मी गाडीत. सेठानी खरेदीला, मी गाडीत. अर्धी उमर बसून काढली. माझा कोटा संपला." परत आल्यावर वडिलांचं दुकान सांभाळलं, मुलगा मस्कतला गेला, बायको वारली. त्यानंतर तर त्यांना घरात पाच मिनिटं बसवेना. माणूस कशापासून पळतोय हे आपल्याला कळत असतं, पण ते काही तोंडावर बोलायचं नसतं.

एका हिवाळ्यात ते पनवेलजवळच्या कोन गावाला गेले होते, रस्त्याकडेच्या एका धाब्यावर ग्लास पोचवायला. परत आले ते स्कूटर नीट उभी न करताच. मोबाइल माझ्या नाकाला लावून म्हणाले, "हे काय आहे, बोला." फोटोत एका उंच आंब्यावर एक मोठा पक्षी होता, करकोचासारखा. काळंभोर चमकदार अंग, लांब लाल पाय, कापूस पिंजून लावावा तशी पांढरी मान, आणि डोक्यावर काळी टोपी. मी म्हटलं, बगळा असेल. त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती मी चष्म्याचा नंबर चुकवला असता तरी कोणी टाकली नसती.

मग तो फोटो पूर्ण बाजारात फिरला. शेवटी नवी मुंबईच्या एका बाईंनी, ज्या सुट्टीला कॅमेरा घेऊन खाडीकाठी हिंडायच्या आणि भिंगं पुसायचं कापड माझ्याकडून न्यायच्या, नाव सांगितलं. कांडेसर. पांढऱ्या मानेचा करकोचा. वर हेही सांगितलं की जगभरात धोक्यात आलेल्या पक्ष्यांच्या यादीत याचं नाव आहे, आणि कोनच्या त्या आंब्यावर जोडी घरटं बांधत असेल तर ती मोठी गोष्ट आहे. बस्स. त्या दिवसापासून चाचा बाजाराचे राहिले नाहीत.

"जगात कमी उरलेत आणि आलेत कुठं? कोनला!" हे त्यांनी दुधवाल्यापासून मौलवींपर्यंत सगळ्यांना ऐकवलं. त्यांचं पक्ष्यांचं ज्ञान म्हणाल तर आनंदच होता. हा पक्षी मूळ मस्कतचा, व्हिसा संपला म्हणून इकडे आला, असं ते छातीठोक सांगायचे. बाईंनी दोनदा समजावलं की तो तिकडे नसतोच. चाचा मान हलवायचे आणि पुढच्या गिऱ्हाइकाला पुन्हा व्हिसाची गोष्ट सांगायचे.

तो आंबा ज्या बाईच्या जागेत होता तिची ओळख करून द्यायला हवी. कोनची आगरी बाई, पन्नाशीची, नवरा नसलेली, आवाज खणखणीत. आजूबाजूच्या सगळ्या जमिनींवर गोदामं उभी राहिली होती. हिच्या तुकड्यावर भाजीचे वाफे, एक विहीर आणि तो उंच रायवळ आंबा एवढंच उरलं होतं. शेजारच्या गोदामवाल्याला नेमका तो कोपरा हवा होता, कारण आंब्यामुळे त्याचे कंटेनर वळत नव्हते. बाई जागा द्यायच्या विचारात होतीच. चाचा तिच्या दारात जाऊन उभे राहिले (बसले नाहीत हे सांगायला नको) आणि झाड पाडू नका म्हणून विनवू लागले.

पहिला तासभर तर पक्षी कोणाचा यावरच वाद झाला म्हणे. चाचांचं म्हणणं, टोपी घालून आलाय म्हणजे आमच्यातला. बाईचं म्हणणं, वाफ्यातल्या चिंबोऱ्या, म्हणजे खेकडे, फोडून खातो म्हणजे आगरीच हाय. शेवटी तिने त्यांना दादूस, म्हणजे भाऊ, म्हटलं आणि ते तिला बाय म्हणू लागले. गोदामवाल्याला तिने निरोप दिला की पाखरं हायेत तवर झाडाला हात लावू देनार नाय. तो हसला. त्याला घाई नव्हती. पाखरं काय, आज आहेत आणि उद्या नाहीत.

इथवर सगळं नीट चाललं होतं. मग चाचांना फोनवर कोणीतरी एक व्हिडिओ पाठवला. पूर्वेकडे कुठेतरी अशाच एका दुर्मीळ करकोचासाठी गावातल्या बायका ओटी भरण्यासारखा सोहळा करतात, गाणी म्हणतात, आणि त्यामुळे गावाला पक्षी आपला वाटायला लागला, असं त्यात होतं. चाचा धावत कोनला गेले. बाईला कल्पना एवढी पसंत पडली की तिने आळीतल्या सगळ्या बायका गोळा केल्या. कांडेसरणीचं डोहाळजेवण ठरलं.

मला आग्रहाने नेलं म्हणून मी साक्षीदार आहे. आंब्याच्या बुंध्याला हिरवी साडी नेसवलेली. हिरव्या बांगड्या, नारळ, तांदूळ, तांदळाच्या भाकऱ्या आणि वालाची भाजी. चाचांनी दुकानातल्या ठेवणीतल्या कपबशा आणल्या होत्या. बायका वर बघून हसत होत्या, कांडेसरीण वरून त्यांच्याकडे बघत होती. एका म्हातारीने हात जोडून तिला सुखरूप मोकळी हो म्हटलं. चाचांचा चेहरा त्या दिवशी बघायला हवा होता तुम्ही. मुलीच्या लग्नात बाप फिरतो तसे ते फिरत होते, आणि त्यांना मुलगी नव्हती.

आणि मग बाईच्या पुतण्याने डीजे लावला.

त्याचा काही वाईट हेतू नव्हता. आगऱ्यांच्या घरात कार्य आहे आणि डीजे नाही, असं कसं होईल? हळदीला लागतो, बारशाला लागतो, क्रिकेटचा कप जिंकला तरी लागतो. काकीने एवढा सोहळा मांडला आणि आपण गप्प बसायचं? त्याने भिंतीएवढे स्पीकर टेम्पोतून आणून आंब्याकडे तोंड करून लावले होते, पक्ष्याचा मान म्हणून. पहिला ठोका पडला तशा बशीतल्या कपांनी किणकिण सुरू केली. वर पानं सळसळली. दोन्ही कांडेसर उठले, पंख पसरून झाडावर एक फेरी मारली आणि खाडीच्या दिशेने निघून गेले. चाचांनी धावत जाऊन वायर उपटली. बायका हातात ताटं घेऊन तशाच उभ्या. संध्याकाळपर्यंत येतील असं सगळे एकमेकांना सांगत होते. ते आले नाहीत. दुसऱ्या दिवशी आले नाहीत, त्या हिवाळ्यात आलेच नाहीत.

दोष कोणाला द्यायचा? पुतण्या आठवडाभर तोंड लपवून फिरत होता. सगळ्यांनी प्रेमानेच केलं होतं. प्रेम जरा मोठ्या आवाजात केलं, एवढंच.

त्यानंतर चाचांची जी अवस्था झाली तिला बेचैनी हा शब्द अपुरा आहे. दुकान उघडायचे आणि अर्ध्या तासात शटर ओढून स्कूटरला किक मारायचे. कोन, मग जासईकडची पाणथळं, मग खाडीचा बांध. ज्याला त्याला मोबाइलमधला फोटो दाखवून विचारायचे. कंटेनर यार्डाच्या वॉचमनने त्यांना दोनदा हाकललं. चिखलात पाय मुरगळून आले तरी दुसऱ्या दिवशी हजर. रात्री झोप नाही, डोळे लाल. मी तपासले, डोळ्यांना काही झालेलं नव्हतं. गोदामवाला येऊन बाईला "आता काय?" विचारून गेला होता. बाईने एक थंडी मागून घेतली होती. पुढच्या थंडीत पाखरं आली तर आली, नाहीतर आंबा त्याचा.

त्यातच एक दिवस त्या कॅमेरावाल्या बाई हसत हसत दुकानात आल्या. चाचांना बोलावलं. म्हणाल्या, चांगली बातमी आहे. कांडेसराला जागतिक यादीत एक पायरी खाली आणलंय, धोक्यात असलेल्यांमधून काढून धोक्याच्या जवळ असलेल्यांमध्ये टाकलंय. आपल्या देशात शेतांमध्ये, कालव्यांच्या काठी तो वाटला होता त्यापेक्षा बराच टिकून आहे असं दिसतंय. मला वाटलं चाचा नाचतील.

ते पहिल्यांदाच एका जागी थांबले. "वाढलेत?"

"म्हणजे समजत होतो तेवढे कमी नाहीत."

"मग माझे कुठं गेले?"

एका जातीचं बरं चाललंय आणि एका झाडाचं नाही, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात, हे बाईंनी खूप सौम्यपणे सांगून पाहिलं. चाचा ऐकत नव्हते. त्यांचा किल्ल्यांचा जुडगा हातात वाजत होता.

वाईट म्हणजे ती बातमी गोदामवाल्यापर्यंतही पोचली. पुढच्या वेळी तो मोबाइल नाचवतच बाईकडे आला. याला आता धोका राहिला नाही, जगात भरपूर आहेत, मग एका झाडासाठी कशाला अडवताय? चाचा तिथेच होते. ते त्याला म्हणाले, "माणसं पण जगात भरपूर आहेत, सेठ. म्हणून आपल्या घरातला एक गेला तर चालतो काय?" बाईने मला हे नंतर सांगितलं. म्हणाली, दादूसला वहिनीची आठवन झाली आसंल. गोदामवाला निघून गेला, पण थंडीची मुदत तीच राहिली.

पावसाळा सरत आला असताना चाचा एकदा लंगडत माझ्याकडे आले. चेहरा मात्र उजळलेला. जासईजवळ यार्डाच्या मागच्या तळ्यावर एक जोडी दिसली होती. हे पुढे गेले की ती मागे सरकायची. असं बराच वेळ चाललं. मग यांच्या पोटरीत गोळा आला आणि हे कळवळून बांधावर बसले. उठताच येईना. आणि जोडी चरत चरत हळूहळू यांच्याच दिशेने आली, एवढी जवळ की पायांचा लाल रंग नीट दिसावा.

"मी फिरतो म्हणून ते पळतात," ते म्हणाले. "माझीच चूक. डीजे तर एक दिवसाचा होता. मी रोज त्या झाडाखाली गोल गोल फिरायचो."

मी थट्टा करणार होतो, पण केली नाही.

दुसऱ्या दिवशी बाईने हळदीच्या मांडवातली एक लाल प्लास्टिकची खुर्ची आंब्यापासून थोडी लांब मांडली आणि चाचा तीवर बसले. थंडी सुरू व्हायच्या आधीपासून बसायचं, म्हणजे पाखरं येतील तेव्हा त्यांना खुर्ची नवीन वाटणार नाही, झाडाचंच काहीतरी आहे असं वाटेल, हा त्यांचा हिशोब. कॅमेरावाल्या बाई म्हणाल्या की याची एवढी गरज नाही, गोंगाट नसला की पुरे. पण चाचांनी आयुष्यात पहिल्यांदा आपणहून बसायचं ठरवलं होतं, त्यांना कोण उठवणार? सकाळची नमाज झाली की कोन, उन्हं तापली की दुकान. दुकान उशिरा उघडायचं. आतून खळ्ळकन आवाज यायचा कमी झाला होता.

मी मुद्दाम बघायला गेलो. दोन्ही हात गुडघ्यांवर, पाठ ताठ, नजर वर. नाकावर माशी बसली तरी हात हलेना. बाई चहा घेऊन आली तर ओठ न हलवता म्हणाले, ठेव. मी बाजूला उकिडवा बसलो. माझ्या डोळ्यांत उगाचच पाणी आलं, माहीत नाही का.

आणि त्या थंडीत जोडी आली. तीच होती की दुसरी, देव जाणे. आधी एक येऊन शेंड्यावर नुसता उभा राहिला. दोन दिवसांनी दुसरा काडी घेऊन आला. फोनवर चाचा कुजबुजत होते, जसं काही मी तिकडून आवाज करणार होतो. पिल्लं झाली, मोठी झाली, आंब्याच्या मोहरातून उडून वाफ्यात उतरली. बाईने गोदामवाल्याला झाडाकडे हात करून दाखवलं. त्याने कंटेनरचं वळण तूर्त मागच्या बाजूने काढलं, पण दर थंडीत एक चक्कर मारून वर बघून जायचं सोडलं नाही.

पुढच्या वर्षी पाऊस उघडला तेव्हा चाचांना जिना चढताना धाप लागायला लागली. मुलगा मस्कतहून आला. तिकडे चांगला डॉक्टर आहे, महिना-दोन महिने चला म्हणाला. पाखरं कोनला यायच्या वेळेला चाचा जायला तयार नव्हते. बरेच दिवस बापलेकांचं वाजलं. शेवटी ते बाईकडे गेले. तिने मला सांगितलं तेच सांगतो. ते म्हणाले, "मी येईपर्यंत तू बस, बाय. रोज. खुर्ची रिकामी नको." ती म्हणाली, "मी बसते. तू जा नि ये."

निघायच्या दिवशी ते माझ्या दुकानात आले. उंबरा ओलांडला, किल्ल्या काउंटरवर ठेवल्या आणि गिऱ्हाइकाच्या स्टुलावर बसले. मी बसा म्हटलंही नव्हतं. चहा बसून प्यायला आणि कप स्वतः खाली ठेवला. मला ते अजिबात बरं वाटलं नाही. मी म्हटलं, चाचा, बसायला आलात का? ते नुसते हसले.

मस्कतहून फोन यायचे. मागे त्यांच्या चपलांचा आवाज ऐकू यायचा, म्हणजे तिकडे बाल्कनीत येरझारा चालू असायच्या. मला बरं वाटायचं. विचारणं एकच, बाय बसते ना? काडी आली का? मी म्हणायचो बसते. एकदा म्हणालो, एक जण येऊन गेला. तिकडे चपलांचा आवाज थांबला आणि बराच वेळ सुरू झाला नाही.

मग मुलाचा फोन आला. सकाळी चहा मागितला आणि तो यायच्या आत गेले. दफन तिकडेच केलं.

मी शटर ओढलं आणि रिक्षाने कोनला गेलो. रिक्षा लांब सोडली, कारण आंब्यापर्यंत गाडी न्यायची नाही हा चाचांचा नियम. बांधावरून हळूहळू चालत गेलो. लाल खुर्चीवर बाई बसली होती. डोक्यावरून पदर, दोन्ही हात गुडघ्यांवर, पाठ ताठ. वर एक कांडेसर घरट्यात उभा होता आणि दुसरा नुकताच काडी घेऊन उतरत होता.

मान न वळवता तिने विचारलं, "दादूसचा फोन आयला?"

मी तिच्याजवळ जमिनीवर बसलो. सांगितलं. कसं सांगितलं ते आठवत नाही.

तिचे खांदे एकदा हलले. मी म्हटलं, चल बाय, घरात चल, ऊठ.

"मना उठता येत नाय, भाऊ," ती ओठ जेमतेम हलवत म्हणाली. "आता उठले तं बिचकतील."

घरट्यात चोचींचा टकटक आवाज सुरू झाला होता. तिच्या गालांवरून पाणी हनुवटीपर्यंत येऊन पदरावर पडत होतं. ते पुसायला तिने गुडघ्यावरचा हात उचलला नाही.